एक शब्द गाळा

देवधरकाकांना कोलकात्यातल्या एकाही बेकरीत सुखाने पाव मिळत नाही. दुकानदार बिचारा सरळपणे ‘पाउरुटी?’ विचारतो आणि काका तिथेच उभे राहून त्याला समजावतात, की पोर्तुगीजांच्या भाषेत पाव म्हणजेच रोटी. ‘तुम्ही मला रोटीरोटी विकताय. एक गाळा.’ आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने एकदा अतिशय आदराने विचारलं, ‘मग दोन देऊ का, दादू?’

हे आमचे खालच्या मजल्यावरचे शेजारी. जन्म इथलाच, नोकरी खिदिरपूरच्या गोदीत. जहाजांच्या कागदांत एकच माल दोन नावांनी दोनदा लिहिलेला हुडकायचा आणि खोडायचा, यात हयात गेली. निवृत्त झाले आणि तेच लाल पेन आम्हा लोकांवर चालू झालं. मी बँकेच्या बदलीवर नवाच आलो होतो. सहज म्हणालो, ‘रविवारी सॉल्ट लेकच्या तळ्यावर गेलो होतो.’ ‘खाऱ्या तळ्याच्या तळ्यावर?’ असं विचारून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आजतागायत तिकडे फिरकलेलो नाही.

काकू बंगाली शाळेत शिक्षिका होत्या. तिथे खडूला चॉकखडी म्हणतात. आता चॉक म्हणजेही खडू आणि खडी म्हणजेही खडू. घरात काकांचं लाल पेन आधीपासूनच चालू होतं; काकूंच्या नोकरीभर ते सकाळी दारात उभे राहून सांगत, ‘एक गाळ.’ काकू ‘बरं, येते’ म्हणत आणि शाळेत जाऊन पुन्हा चॉकखडीच मागत.

दोन वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगाचा झटका आला. हात थोडाफार सावरला, शब्द मात्र गेले. एका सकाळी मी पाव द्यायला खाली गेलो, तर काका त्यांच्या ओठांशी चमचा धरून म्हणत होते, ‘पाणी. जॉल. पाणी-जॉल घे.’ जॉल म्हणजे बंगालीतलं पाणीच. माझ्या जिभेला हाड नाही. मी हसत म्हणालो, ‘काका, एक गाळा.’

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

‘कुठला गाळू?’ ते म्हणाले. ‘हिच्याकडे कुठला उरलाय तेच कळत नाही हो. सोमवारी पाणी कळलं, मंगळवारी जॉल. म्हणून दोन्ही म्हणतो. हे जोडशब्द असेच झाले असणार. समोरच्याला दोनातला एक तरी कळावा म्हणून. आणि मी जन्मभर खोडत बसलो.’

मी पाव टेबलावर ठेवला आणि वर आलो. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

या महिन्यात काकूंना दोन्ही कळेनासे झाले. काल काकांनी मला जिन्यात थांबवलं.

‘तुमच्या बँकेत ते तामिळ साहेब आहेत ना? पाण्याला त्यांच्यात काय म्हणतात, विचाराल?’

मी चाचरत म्हणालो, ‘काकूंना तामिळ येतं?’

‘नाही,’ काका म्हणाले. ‘पण आता मराठी तरी कुठे येतं?’