भूगोलसरांची हरकत

"तीन मिनिटं! मला फक्त तीन मिनिटं बोलू देत, त्या विमानतळाचा गाशाच गुंडाळतो की नाही बघ!"

टायची गाठ आवळत भूगोलसरांनी आरशाला बजावलं. आरसा गप्प बसला. सरांची बायको मात्र बसली नाही. "आधी ती गाठ नीट बांधा. विमानतळाचं मग बघू."

प्रकरण तसं गंभीर होतं. गावाबाहेरच्या लहानशा विमानतळावर श्रीमंतांच्या खासगी विमानांसाठी नवी धावपट्टी करायचा घाट घातला होता. ती झाली की विमानं थेट सरांच्या वसाहतीच्या डोक्यावरून जाणार, आणि पोरांचं खेळायचं मैदान जाणार ते वेगळंच! त्यावर चार वाजता नगर सभागृहात सुनावणी होती. वसाहतीतर्फे दोघं बोलणार होते. आधी शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, आणि शेवटी हुकमाचा एक्का म्हणून सर. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्या आवाजापुढे विमानाची काय टाप!

"पुराव्याशिवाय बोलणार नाही," म्हणत सर दोन वाजताच निघाले. विमानतळाच्या कुंपणाशी उभं राहून मोबाइलवर आवाज मोजायचा, आणि तो आकडा सभेत दाणकन आपटायचा, एवढाच साधा बेत.

तास झाला, दीड तास झाला, एक विमान हलेल तर शपथ! सर निघणार, तोच निळ्या कोटातली एक तरुणी फाटकातून धावत आली.

"सर! उन्हात काय उभे राहिलात? आम्ही केव्हाची वाट बघतोय!"

अख्खं गाव सरांना सरच म्हणायचं. पण माजी विद्यार्थ्यांचे चेहरे काही केल्या त्यांना आठवत नसत. म्हणून समोरच्याला ओळखलंय असंच ते ठोकून देत.

"अगं, किती मोठी झालीस!"

ती जरा चपापली, पण लगेच हसली. "आत चला ना सर, विमान तयार आहे. आतून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

पोरगी हुशार निघाली! आवाज आतूनही मोजायलाच हवा.

विमानात पाऊल टाकलं आणि सरांनी समोरची खुर्ची गाठली. खुर्ची कसली, लोण्याचा गोळाच! बसले ते बुडालेच. दार मिटलं, आणि बाहेरचं जग कुणीतरी कापसात गुंडाळून कपाटात ठेवून दिल्यासारखं झालं. मोबाइलवरचा आकडा हलेचना. इंजिन कधी सुरू होतंय म्हणून सरांनी खिडकीबाहेर बघितलं, तर कुंपण मागे पळत होतं!

"अगं अगं! हे चाललंय!"

"छोटीशीच फेरी, सर. पसंत पडलं तरच घ्या."

काय घ्या, हे विचारायला सरांनी तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

खाली नदी होती. चाळीस वर्षं फळ्यावर खडूने काढलेली नदी! तेच वळण, वळणाच्या आत साचलेली वाळू, बाहेर खचलेला काठ. सर जन्मात कधी विमानात बसले नव्हते. शिकवलं ते सगळं पुस्तकावर विश्वास ठेवून. त्यांचे डोळे भरून आले.

"खरं होतं गं सगळं," ते पुटपुटले. "मी पोरांना खरं तेच सांगितलं."

मग टेकडी आली, तलाव आला, काड्यापेटीएवढी शाळा आली. "आणि ते नगर सभागृह! जरा जवळून नेता येईल?"

गिऱ्हाईक खूश झालंय म्हटल्यावर वैमानिकालाही चेव आला. विमान खाली उतरून सभागृहावरून गेलं. "आणखी एकदा!" सर टाळ्या पिटत म्हणाले. आणखी एकदा गेलं.

विमान उतरलं, तेव्हा विमान विकत घ्यायला आलेले खरे साहेब पायऱ्यांशी फणफणत उभे होते. तरुणीचा चेहरा पांढराफटक पडला. "मग... आपण कोण?"

"मी? मी भूगोल!" एवढं बोलून सरांनी घड्याळ बघितलं. सव्वाचार! त्यांनी फाटकाबाहेर धूम ठोकली.

सभागृहात डॉक्टरीणबाई लालबुंद. "मी बोलायला उभी राहिले, आणि दोनदा डोक्यावरून विमान नेलं हो सर! माझा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. कोण मेला बसला होता आत, कोण जाणे!"

उत्तर द्यायच्या आत सरांचा पुकारा झाला. ते व्यासपीठावर चढले. पाठ केलेलं भाषण पार उडून गेलं होतं, आणि भरल्या सभेत खोटं बोलायची सवय नव्हती.

"तो मेला मीच," सर म्हणाले.

मग खुर्ची, नदी, वाळू, सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीणबाईंनी चष्मा वर केला. "मग आपली हरकत आहे की नाही?"

सरांनी टायची गाठ सैल केली. "फार सुंदर दिसत होता हो तुम्ही सगळे वरून," ते हळूच म्हणाले. "पण या बाई इथे घसा फोडून ओरडत होत्या, आणि मला वर काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. मी तर याच गावातला! मग ज्यांना आपण ठाऊकही नाही, त्यांना काय ऐकू येणार?"

मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तो सरांच्या मोबाइलने मोजला असता तर मोबाइलच फुटला असता!

महिन्याभरात नवी धावपट्टी नामंजूर झाली. मैदान वाचलं. जुन्या धावपट्टीवरून मात्र अजूनही अधूनमधून एखादं विमान उडतं. डॉक्टरीणबाई धाडकन खिडकी लावून घेतात. सर भरल्या ताटावरून उठून गच्चीवर पळतात.

"कुठे निघालात?" बायको विचारते.

"विरोध करायला!"

परवा तीही मागोमाग वर गेली. "विरोध करताय ना? मग हात कसला हलवताय?"

"निषेधाचा आहे तो!" सर आभाळावरची नजर न काढता म्हणाले.

"दोन्ही हातांनी?"