व्हरांड्यातला थांबा

बाळाची मूठ पदरातून हळूच सोडवून सून उठली, चवड्यांवर चालत दारापर्यंत आली, आणि नेमकी तेव्हाच बाहेर व्हरांड्यात कोणीतरी कोंबड्यांची पाटी धाडकन टेकवली. आधी कोंबड्या बोलल्या. मग बाळ बोललं. मग सून बोलली, पण दातओठ खाऊन, मनातल्या मनात. कारण ती शिकलेली होती आणि सासरे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते.

"बाबा, आजही आलेत."

"कोण?"

"गाव."

सासऱ्यांनी पेपर थोडा वर धरला. गुन्हेगार माणूस कुठेतरी तोंड लपवणारच.

सासरे शहराच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झाले होते. बसचा कुठला थांबा कुठे असावा हे ठरवण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांना डोंगर, हिरवळ आणि शांतता हवी होती. परराज्यांतून आलेली बरीच निवृत्त मंडळी या गावात आधीच स्थायिक झाली होती; दर दोन घरांआड कोणीतरी खुर्ची टाकून निसर्गाकडे एकटक बघत बसलेलं असे. सासरे एका रविवारी आले, रस्त्याला लागून असलेला ऐसपैस, रिकामा, गार व्हरांडा त्यांनी पाहिला आणि तिथल्या तिथे घर घेऊन टाकलं. रविवारी गाडी नसते, हे त्यांना सोमवारी कळलं. जन्मभर लोकांना थांबे वाटत फिरलेला माणूस शेवटी थांब्यातच बिऱ्हाड थाटून बसला होता.

सून आली ती बाळासाठी. शहरात बाळाला सारखा खोकला व्हायचा, आणि खोकला म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे थेट अतिदक्षता विभाग यायचा. नवऱ्याने डोंगराखालच्या शहरात बदली मागून घेतली, तिने नोकरी सोडली. खोकला गेला. झोपही गेली. गाडी दुपारी यायची. दुपारी म्हणजे कधी, ते गाडीला ठाऊक. त्यामुळे लोक जेवण उरकून लगेच येऊन बसत. बाळाची झोपायची वेळही तीच.

आणि आता तिला घरून करता येण्याजोगी एक नोकरी मिळायच्या बेतात होती. शुक्रवारी दुपारी मुलाखत होती, तीही घरूनच. "घरी शांतता असते ना?" असं कंपनीतल्या बाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा सून म्हणाली होती, "एकदम! आम्ही त्यासाठीच तर इथे आलो."

ती बाहेर आली. अंडीवाल्या मावशी भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसल्या होत्या.

"मावशी, हे आमचं घर आहे हो."

"हो तर! आणि छान ठेवलंय. आधीचे लोक झाडतसुद्धा नव्हते. आम्हालाच झाडावं लागायचं."

"तसं नाही. तुम्ही इथे बसू नका. थांब्यावर बसा."

मावशींनी तिच्याकडे, मग छपराकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "बसलेय की."

"बाळ झोपलं होतं!"

"उठलं वाटतं. दात येत असतील. फार रडतं गं तुझं पोर."

"ते रडत नाही! त्याला रडवलं जातं!"

"आण इकडे, मी घेते." मावशींनी हात पुढे केले. त्याच हातांनी आत्ताच कोंबडी धरली होती. सून बाळाला घेऊन अशी आत पळाली, की व्हरांड्यातल्या सगळ्यांना वाटलं, आत गॅसवर दूध ठेवलं असेल आणि ते उतू चाललं असेल.

"बाबा, शुक्रवारच्या आत हा थांबा हलला पाहिजे," तिने सांगितलं.

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी चमक आली. "थांबा हलवणं? अगं, माझ्या हातचा मळ आहे तो!"

पहिल्या दिवशी त्यांनी व्हरांड्याला साखळी लावली. लोकांनी तिला पिशव्या अडकवल्या. "आता कशा जमिनीला लागत नाहीत," असं म्हणून एकाने सासऱ्यांचा हात हातात घेऊन दाबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'आत येऊ नये' अशी पाटी लावली. मावशींनी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. "ऐकलंत ना? आत जायचं नाही कोणी. मुकाट्याने इथेच बसायचं." तिसऱ्या दिवशी त्यांनी व्हरांड्यातला बाक उचलून मागच्या अंगणात नेऊन टाकला. आता लोक घरून स्टुलं आणू लागले, आणि रोज कुठे ने-आण करायची म्हणून तिथेच ठेवून जाऊ लागले. बाकावर मोजकीच माणसं मावायची. स्टुलांना काही मर्यादाच नव्हती.

सुनेने नवऱ्याला फोन केला.

"बघू," नवरा म्हणाला.

"काय बघू? दुपारपासून मीच बघतेय! चपला बघतेय, स्टुलं बघतेय, कोण बाळाचा गाल ओढतंय ते बघतेय! तू फक्त एकदा या लोकांशी बोल."

"रविवारी बोलतो."

"रविवारी इथे कोणी नसतं रे!" ती किंचाळली. बाळ उठलं. या वेळी तिच्यामुळे उठलं, त्यामुळे तिला आणखीच राग आला. रागवायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

सासऱ्यांनी मग हुकमी पान काढलं. रस्त्यापलीकडे त्यांनी स्वतः उभं राहून एक शेड उभारून घेतली. पत्र्याचं छप्पर, दोन बाक, कोपऱ्यात कचऱ्याचा डबा. खात्यात असताना एवढा देखणा थांबा त्यांच्या हातून झाला नव्हता. संध्याकाळी ते बाळाला कडेवर घेऊन बराच वेळ शेडकडे बघत उभे होते. "उद्यापासून सगळे तिकडे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेड भरली, पण गावाने नाही. परराज्यांतून आलेल्या निवृत्त मंडळींचं एक हास्य मंडळ होतं, आणि ते कित्येक दिवस जागेच्या शोधात होतं. शांततेसाठी घरदार सोडून आलेली ही माणसं शेडमध्ये गोल उभी राहिली, हात वर केले आणि व्यायाम म्हणून गडगडाटी हसू लागली.

गाव आपलं व्हरांड्यातच. "तिकडे कसं जायचं?" मावशी म्हणाल्या. "तिथे तुमचे लोक आलेत. बिचारे! भेटायला कोणी येत नसेल, नाहीतर माणूस असा भर उन्हात कशाला हसेल?"

सून रस्ता ओलांडून गेली. तिचे केस सुटले होते, खांद्यावर बाळाने ओकलेल्या दुधाचा डाग होता. "जरा हळू हसता का? बाळ झोपलंय."

मंडळाचे अध्यक्ष दम खात म्हणाले, "बेटा, हळू हसलं तर फुप्फुसं उघडत नाहीत."

"मग घरी हसा!"

"घरी हसून कसं चालेल? बायको झोपलेली असते दुपारची."

सून पाठ फिरवून निघाली. बोलली असती तर अध्यक्षांची फुप्फुसं कायमची मिटली असती. ती परत आली तेव्हा व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हसणारी माणसं बघायला, ज्यांना कुठेही जायचं नव्हतं तेही लोक येऊन बसले होते.

शुक्रवार उजाडला. सासऱ्यांनी सुनेसमोर उभं राहून शपथ घेतल्यासारखं सांगितलं, "तू निश्चिंत बस. आज इथे गाडी थांबणारच नाही. मी ड्रायव्हरशी बोललोय. तो पुढच्या वळणावर थांबवेल. गाडी तिकडे म्हटल्यावर लोकही तिकडेच जातील. आणि हसणाऱ्यांना मी आज सुट्टी घ्यायला सांगितलीय."

आणि खरोखरच दुपारी लोक उठले. स्टुलं तिथेच ठेवून, कुरकुरत का होईना, वळणाकडे गेले. शेड रिकामी होती. बाळ झोपलं. सुनेने केस विंचरले, लॅपटॉप उघडला, आणि कित्येक महिन्यांनी तिला स्वतःच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. ती ऐकून तिला रडूच येणार होतं, पण पडद्यावर तीन चेहरे उमटले. मधले साहेब होते.

"तुमच्याबद्दल थोडं सांगा," साहेब म्हणाले. तिने सांगितलं. छान सांगितलं.

इकडे गाडी वळणावर थांबली. वळणावर चढ होता, म्हणून तर इतकी वर्षं ती तिथे थांबत नव्हती. माणसं चढली, ड्रायव्हरने गियर टाकला, गाडी खोकली आणि बंद पडली. चढावर ती पुन्हा चालू होईना. ड्रायव्हरने तिला हळूहळू मागे उतरवायला घेतली. तेवढ्या रस्त्यात सपाट जागा एकच होती. तिथे ती अगदी आज्ञाधारकपणे येऊन थांबली. दारं उघडली, आणि आतली सगळी माणसं व्हरांड्यात उतरली. गाडी बंद पडली म्हटल्यावर बघायला हास्य मंडळही आलं, आणि आलोच आहोत तर, म्हणून शेडमध्ये हात वर करून उभं राहिलं.

"तुमचा सगळ्यात मोठा गुण कोणता?" साहेबांनी विचारलं.

"संयम," सून म्हणाली, आणि मान वळवून ओरडली, "ए, खिडकीला टेकू नका! काच निखळेल!"

बाळ उठलं. तिने त्याला मांडीवर घेतलं. पलीकडे हास्याचा पहिला स्फोट झाला.

"मागे... कोंबडी आहे का?" साहेबांनी विचारलं.

झालं. नोकरी गेली. आता कोणाचं भय? "हो, कोंबडी आहे," ती म्हणाली. "गाव आहे. बंद पडलेली गाडी आहे. आणि ते जे खिदळतायत ना, ते निवृत्त आहेत, त्यांना इथे शांतता मिळालीय! बाकी कोणाला मिळाली नसली तरी चालेल!"

साहेबांनी चष्मा काढला. बाकीचे दोन चेहरे साहेबांकडे बघू लागले.

"मी पुढच्या वर्षी निवृत्त होतोय," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "किती जिवंत गाव आहे हो! तिथे एखादं घर मिळेल का?"

"मिळेल की!" मागून आवाज आला. ड्रायव्हरला शिव्या द्यायला बाहेर गेलेले सासरे नेमके तेव्हाच आत आले होते. त्यांनी खुर्ची ओढली, लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि विचारलं, "तुम्हाला पूर्वेकडे तोंड असलेलं हवंय की कसं?" उरलेली मुलाखत त्यांनीच दिली. सुनेला फक्त लॅपटॉपची पाठ दिसत होती.

नोकरी लागली. मुलाखत उत्तम झाल्याचं कळवलं होतं. कोणाची, ते लिहिलं नव्हतं.

साहेबांनी निवृत्तीची वाट बघितली नाही. वरच्या अंगाला त्यांनी घर घेतलं, आणि शेवटचं वर्ष डोंगरातूनच काम करायचं ठरवलं. घर सुरेख होतं, पण तिथे नेट येत नव्हतं. सासऱ्यांनी मोठ्या मनाने त्यांना आपल्या घरचा पासवर्ड दिला. त्या नेटची ताकद व्हरांड्यापर्यंतच पोचत होती.

पहिल्या मोठ्या मीटिंगला सून आतल्या खोलीत बसली, आणि साहेब बाहेर, मावशींच्या शेजारच्या स्टुलावर. मधे एक खिडकी. देशभरातली माणसं पडद्यावर चौकोनाचौकोनांत जमली. साहेबांचं प्रत्येक वाक्य तिला आधी खिडकीतून आणि मग लॅपटॉपमधून ऐकू येत होतं. पाटी खाली टेकली. कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. पलीकडे मंडळ हसलं. बाळ उठलं.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "कोणाकडे तरी फार गोंधळ चाललाय," ते सगळ्यांना म्हणाले. "घरून काम करताना थोडी शिस्त हवी. आणि ते मूल रडतंय, त्याला जरा दुसऱ्या खोलीत न्या, प्लीज."

सुनेच्या डोक्यात काहीतरी तुटलं. कित्येक महिन्यांचे गाल, चपला, पिशव्या, स्टुलं, फुप्फुसं, सगळं एकदम घशाशी आलं. तिने खिडकी सताड उघडली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "उठा! सगळे उठा आणि चालते व्हा इथून! आत्ताच्या आत्ता! एकही माणूस मला इथे दिसता कामा नये!"

हे वाक्य देशभर दोनदा ऐकू गेलं, एकदा तिच्या माइकमधून आणि एकदा साहेबांच्या. मग एक चौकोन काळा झाला. मग दुसरा. मग भराभर सगळेच. एकही माणूस उरला नाही.

व्हरांड्यातलं कोणीही जागचं हललं नाही.

साहेबांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, कानातून इअरफोन काढला, आणि सरकून बाजूचं स्टूल तिच्यासाठी मोकळं केलं.

"गेले वाटतं सगळे," ते म्हणाले. "या, बसा. गाडीला अजून अवकाश आहे."