व्हॅनचं पथ्य

डॉक्टरांनी व्हॅनकाकांचा रक्ताचा रिपोर्ट खालून वर, वरून खाली वाचला आणि चष्मा काढून सांगितलं, "एकाच तेलाला चिकटून बसू नका. आलटून पालटून वापरा. आणि मुख्य म्हणजे, कमी वापरा."

व्हॅनकाका म्हणजे शाळेच्या पोरांची व्हॅन चालवणारे. पोरं काका म्हणायची, म्हणून पोरांचे आईबापही काका म्हणायचे आणि पुढे पुढे त्यांची सख्खी मेव्हणीसुद्धा काकाच म्हणायला लागली. माणूस लाख चांगला. पण खिशातून पैसा काढायचा म्हटलं की हाताला पेटके यायचे. दवाखान्यातून बाहेर पडताना ते खूश दिसले ते तब्येतीमुळे नव्हे. फी एकाची दिली आणि सल्ला दोघांना लागू पडला, म्हणून! दुसरा पेशंट बाहेर रस्त्याच्या कडेला चार चाकांवर उभा होता.

संध्याकाळी ते घरी आले ते एक पिवळा डबा घेऊन. ओट्यावर ठेवलेला तो डबा काकूंनी फिरवून फिरवून पाहिला.

"हे कुठल्या कंपनीचं हो? कधी नाव नाही ऐकलं."

"अगं, उघडू नकोस! गाडीचं आहे."

"तेल बदला असं डॉक्टर तुम्हाला म्हणाले की गाडीला?"

"मलाच. पण जरा डोकं चालव. मला नळ्या, तिला नळ्या. जे पथ्य मला, तेच तिला. इतकी वर्षं एकाच कंपनीचं महागडं तेल पाजून मी तिला लाडावून ठेवलं."

"आणि तुमच्या पोटात जाणारं तेल?"

"ते चाललंय की छान! तुझ्या स्वयंपाकात मी कशाला नाक खुपसू?"

काकूंनी कपाळावर हात मारला आणि डबा ओट्यावरून खाली ठेवला. नवऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे त्या फार आधी शिकल्या होत्या.

झालं! त्या दिवसापासून व्हॅनचं पथ्य सुरू. ज्या कंपनीचं तेल स्वस्त, ती काकांची कंपनी. कधी पिवळा डबा, कधी हिरवा, कधी नुसतीच पिशवी. दुकानदार बिचारा सांगून थकला, "काका, किंमत बघता तसा डब्यावरचा नंबरही बघा की. कंपनी कुठलीही घ्या, पण तुमच्या जुन्या गाडीला जाडं तेल लागतं. हे पातळ आहे."

"पातळच बरं. जाडं पचायला जड," काका म्हणाले.

शिवाय 'कमी वापरा' हेही त्यांनी मनावर घेतलं होतं. तेल मोजायच्या पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. काकांनी ठरवलं, खालची खूण म्हणजे भरपूर.

व्हॅनने काही दिवस निमूटपणे उपास सोसला. मग समोरच्या काचेखाली एक लाल दिवा लागला. चिमणी नावाने ओळखली जाणारी सगळ्यात छोटी पोरगी पुढच्या सीटवर बसायची. तिने विचारलं, "काका, हा लाल दिवा कसला?"

"शोभेचा आहे."

"मग आधी का नव्हता?"

काकांनी तिच्याच वहीवरचं चांदणीचं स्टिकर मागून घेतलं आणि दिव्यावर चिकटवून टाकलं. दिवा झाकला गेला. पण इंजिनाच्या तोंडावर कोण स्टिकर लावणार? दोन दिवसांनी पुढून आवाज यायला लागला. ठक-ठक, ठक-ठक. आतून कुणीतरी दार उघडा म्हणतंय असा.

पोरांची तर चंगळ झाली. मागे कधीतरी एकाची टोपी खिडकीतून उडाली होती, त्यावर त्यांनी एक गाणं रचलं होतं. ते या ठक-ठकवर अगदी चपखल बसलं. पण पोरांच्या आया काही गाणी ऐकत नव्हत्या. त्यांनी शाळेत तक्रार केली आणि मोठ्या बाईंनी काकांना बोलावून घेतलं. शाळेत मोठ्या बाई म्हणजे शेवटचा शब्द.

"सोमवारी मी स्वतः तुमच्या व्हॅनमधून शाळेत येणार," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षाचं काम तुम्हाला द्यायचं की त्या नव्या व्हॅनवाल्याला, ते नंतर बघू."

काका घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. नव्या व्हॅनवाल्याची गाडी गारेगार हवेची, सीटांवर अजून प्लॅस्टिक. काम गेलं तर ही व्हॅन विकायची आणि या वयात पुन्हा कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागायचं, मालकाच्या शिव्या खायच्या. खरोखर घाबरले होते ते.

"मिस्त्रीकडे न्या की गाडी," काकू म्हणाल्या.

"तो इंजिन उघडेल आणि मला सोलेल. त्यापेक्षा पथ्य बदलून बघतो."

आणि रविवारी या सद्गृहस्थांनी पिवळ्या, हिरव्या आणि पिशवीतल्या तेलाचे उरलेसुरले थेंब एकत्र करून इंजिनात ओतले.

सोमवारी मोठ्या बाई पुढच्या सीटवर बसल्या. चिमणी त्यांच्या मांडीवर. काकांनी मनातल्या मनात हात जोडले आणि किल्ली फिरवली.

ठक-ठक! ठक-ठक!

"हा आवाज..." बाईंनी सुरुवात केली.

काका जिवाच्या आकांताने मागे वळून ओरडले, "पोरांनो, गाणं!"

पोरांना सांगायलाच नको. एका दमात सगळी सुटली:

"टोपी कुठं गेली, टोपी कुठं गेली?
खिडकीतून उडाली, झाडावर बसली!"

ठक-ठक, ठक-ठक. काय ताल! एक पोरगं चुकलं नाही, एक पोरगं भांडलं नाही, कुणी कुणाचा डबा पळवला नाही. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून विरघळल्या.

"रोज म्हणता हे?"

"रोज!" काका म्हणाले. "नुसतं ने-आण कुणीही करेल हो."

चिमणीने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. काकांनी घाईघाईने तिला हॉर्न वाजवू दिला.

शाळेपाशी उतरताना बाई म्हणाल्या, "पुढच्या सोमवारी पालक संघाच्या अध्यक्षबाईंना घेऊन बसते. त्यांनाही ऐकू दे. मग तुमच्या पुढच्या वर्षाच्या कागदावर सही करून टाकू."

काका हवेत तरंगत निघाले. व्हॅन मात्र पुढच्याच वळणावर थांबली ती थांबलीच. ढकलत ढकलत मिस्त्रीच्या दारात न्यावी लागली.

मिस्त्रीने पट्टी ओढली, पाहिली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. मग बोटाला लागलेला थेंब नाकाशी नेला.

"काका, यात तेल आहे कुठे? आणि आहे ते तरी कुठल्या जातीचं?"

"सगळ्या जातींचं आहे. डॉक्टरांनी आलटून पालटून सांगितलंय. आणि कमी."

"कुठला डॉक्टर हा? त्याला माझ्याकडे पाठवा, त्याचंच इंजिन उघडतो!"

मग जे व्हायचं ते झालं. तेलात वाचवलेले सगळे पैसे गेले आणि जाताना घरातले आणखी सोबत घेऊन गेले. गाडी मात्र अशी झाली की चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागत होतं. काकांनी गुपचूप जुन्या कंपनीचा डबा आणला, दुकानदाराकडे न बघता.

सोमवार उजाडला. पुढे मोठ्या बाई, त्यांच्या मागे अध्यक्षबाई, पर्स मांडीवर, चेहरा इस्त्रीचा. व्हॅन निघाली आणि आत मांजर झोपल्यासारखी शांतता पसरली.

"हं, म्हणा रे पोरांनो," काका ऐटीत म्हणाले.

कुणीतरी "टोपी" म्हणालं. कुणीतरी त्याच्या आधीच "झाडावर" बसलं. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं, दुसऱ्याने त्याची बाटली ओढली. अध्यक्षबाईंनी पर्स छातीशी धरली.

"अरे म्हणा ना!" काकांनी आरशातून डोळे वटारले.

"कसं म्हणणार?" चिमणी रडकुंडीला आली. "ठकठक कुठाय? ठकठक झाली की मग टोपी सुरू होते!"

"कसली ठकठक?" अध्यक्षबाईंनी मान पुढे काढली.

व्हॅनमध्ये मागे एव्हाना दोघांची जुंपली होती. काकांच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याच्या गाडीची किल्ली नाचायला लागली. मोठ्या बाई त्यांच्याकडे किंचित झुकल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, मी बहिरी नाही. मागच्या सोमवारी सगळं ऐकू आलं होतं मला. गाडी नीट करून आणलीत, बरं केलंत. पण ही पोरं वर्षभरात एकदाच एका सुरात गायलीत, आणि ती तुमच्या गाडीत. आता ते तेवढं सांभाळा."

काका काय करणार? त्यांनी समोर रस्त्यावर नजर लावली, लाज गुंडाळून ठेवली आणि तोंड उघडलं.

"ठक-ठक! ठक-ठक! ठक-ठक!"

मागे क्षणभर सगळं थांबलं. आणि मग टोपी उडाली! मारामारी करणारेसुद्धा गळ्यात गळे घालून गायला लागले. अध्यक्षबाईंची पर्स मांडीवर आली आणि थोड्या वेळाने तिच्यावर बोटंही वाजायला लागली. काकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. थांबले की पोरं थांबत.

व्हॅन मिस्त्रीच्या दुकानासमोरून निघाली तेव्हा मिस्त्री चहा पीत होता. उघड्या खिडकीतून आवाज त्याच्या कानावर पडला आणि कप तसाच टाकून तो रस्त्यात धावला, दोन्ही हात पसरून.

"थांबा! काका, थांबवा गाडी! परत वाजतंय!"

काकांना ब्रेक मारावा लागला. मिस्त्रीने पुढच्या पत्र्याला कान लावला. आत काहीच नाही. मान वर केली, तर ठक-ठक. पुन्हा कान लावला, काहीच नाही. गोंधळून तो खिडकीशी आला आणि काकांच्या तोंडाकडे बघतच राहिला. काका लालबुंद होऊन एका हाताने त्याला बाजूला हो, बाजूला हो, अशा खुणा करत होते, पण तोंड काही बंद होत नव्हतं.

"अहो काका," मिस्त्री घाबरून म्हणाला, "तुम्हीच वाजताय होय?"

मोठ्या बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "त्यांना मध्येच बंद पाडू नका हो! एवढं कडवं संपलं की मला सही करायची आहे."