टिटवीवाले, मगरवाले आणि धक्क्यावरची पहिली जागा

मी आयुष्यात एकही चूक केलेली नाही असं मी म्हणणार नाही. पण पाण्यावर मी चूक करत नाही. निदान त्या रविवारी सकाळी साडेआठपर्यंत हे वाक्य मी कुणालाही छातीठोकपणे ऐकवत असे, आणि समोरच्याला ते ऐकायचं आहे का, हे विचारायची पद्धत माझ्याकडे नाही.

मी विम्याच्या कचेरीत दावे तपासतो. लोकांचा निष्काळजीपणा शोधून त्यांचे अर्ज परत पाठवणं हा माझा धंदा. वीस वर्षं हे केलं की माणसाला सगळं जग बेजबाबदार दिसायला लागतं, आणि आरशातला एकच माणूस त्याला अपवाद वाटतो.

आमच्या तलावावर बोट बाळगणारे दोन प्रकारचे लोक आहेत. टिटवी कंपनीची बोट घेणारे आणि मगर कंपनीची बोट घेणारे.

टिटवीवाला लांबूनच ओळखू येतो. स्वच्छ टोपी, कॉफीचा थर्मास, आणि तलावात दुसरी बोट नसली तरी वळताना हात दाखवणार. बोटीबरोबर आलेली पुस्तिका त्याने दोनदा वाचलेली असते. मी तीनदा वाचली आहे. मगरवाला म्हणजे काळा चष्मा कपाळावर, इंजिनापेक्षा मोठा स्पीकर, आणि दोरीला मारलेली गाठ बुटाच्या नाडीची. मगरवाले आमच्याबद्दल म्हणतात, टिटवीवाले बोट चालवत नाहीत, तिला हाताला धरून फिरायला नेतात. म्हणू देत. ज्याला पुस्तिका वाचता येत नाही त्याच्या तोंडाला कुठे लागायचं?

माझा साडू मगरवाला आहे. त्याचं फरशांचं दुकान आहे आणि बोटही तो गुळगुळीत फरशीवर पाय घसरल्यासारखीच चालवतो. दर रविवारी सासऱ्यांच्या घरी जेवायला आम्ही समोरासमोर बसतो आणि आमटी वाढेपर्यंत आमचं भांडण इंजिनापर्यंत पोचलेलं असतं.

सासरे मध्ये पडत नाहीत. तीस वर्षं त्यांनी फेरीबोट चालवली. अर्धं गाव या काठावरून त्या काठाला नेलं आणि एकही माणूस ओला होऊ दिला नाही. निवृत्त होताना क्लबने त्यांना धक्क्यावरची पहिली जागा कायमची दिली. झाडाच्या सावलीतली, पायऱ्यांना लागून. ज्याला ती जागा मिळेल त्याला दर रविवारी बोट ट्रेलरवर चढवून घरून ओढत आणायची कटकट नाही. सात वर्षं त्या जागेवर माझा डोळा होता. साडूचाही होता, कपाळावरच्या चष्म्याखालून.

मग सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागले. त्यांनी आपली लाकडी बोट विकली आणि एका रविवारी हात धुता धुता जाहीर केलं, "जागा एका जावयाला देणार. पुढच्या रविवारी दोघांच्या बोटीत एकेकदा बसेन. ज्याच्या बोटीत मला दहा मिनिटं सलग झोप लागेल, त्याची जागा."

"झोप?" साडूने विचारलं.

"तीस वर्षं दुसऱ्यांना झोपवलं," सासरे म्हणाले. "आता माझी पाळी."

मी मनात हसलो. मगरमध्ये झोप? त्यापेक्षा पिठाच्या गिरणीत लागेल. जागा माझ्या खिशात होती.

आठवडाभर मी तयारी केली. सुरक्षेची एकतीस मुद्द्यांची यादी टाइप करून लॅमिनेट केली. दोरी गुंडाळून तिचं चक्क फूल केलं. आणि माझ्या डोक्यातून निघालेली सर्वांत अफलातून युक्ती म्हणजे बुचाची. बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी एक भोक असतं. बोट जमिनीवर आली की बूच काढून आतलं पाणी सोडायचं, आणि पाण्यात घालण्याआधी बूच परत लावायचं. मगरवाले ते हमखास विसरतात. म्हणून मी माझं बूच बोटीच्या किल्लीलाच बांधून टाकलं. किल्ली हातात घेतली की बूच दिसणार, म्हणजे विसरायचा प्रश्नच मिटला. सुटू नये म्हणून तार पक्कडीने तीनदा पिळली.

"लावताना सोडवायचं कसं?" बायकोने विचारलं होतं.

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो होतो.

रविवारी बायको आणि मेहुणी दोघीही आल्या, पण आमच्या बोटीत बसल्या नाहीत. "एकाच्या बोटीत बसलं की दुसऱ्याचं तोंड आठवडाभर वाकडं," असं म्हणून त्यांनी क्लबची तासावर मिळणारी पायडलची बोट घेतली. पिवळी, बदकाच्या आकाराची. तिकीटवाल्याने दोघींना आधी लाइफ जॅकेट चढवायला लावली, मगच सोडलं. मला ते दृश्य फार केविलवाणं वाटलं.

उतारावरून मी टिटवी पाण्यात सोडली. यादी हातात होतीच. एकेक मुद्दा मोठ्याने वाचून मी खूण करत गेलो, म्हणजे सासऱ्यांना ऐकू जावं. पहिला मुद्दा, बूच. किल्लीकडे पाहिलं. बूच होतं. खूण केली.

"जॅकेट?" सासऱ्यांनी बोटीत पाय ठेवताना विचारलं.

"सहा आहेत, बाबा. सगळ्यांत महागडी." मी सीटखालचं खोकं उघडून दाखवलं. सहाही जॅकेट प्लास्टिकच्या पिशव्यांत होती, लेबलासकट.

"घालायची नाहीत?"

"मळतात हो. लागली तर काढू."

सासऱ्यांनी आपल्या पिशवीतून एक विटलेलं नारिंगी जॅकेट काढलं, अंगात घातलं, तिन्ही बंद आवळले आणि मागच्या सीटवर टेकले. मी इंजिन चालू केलं. किल्लीला बूच डुलत होतं.

"हे काय लटकतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली. मगरवाल्यांच्या विसराळूपणावर दोन किस्से सांगितले, त्यातला एक साडूचा. "म्हणजे बूच कायम डोळ्यांसमोर," मी शेवटी म्हणालो.

"हं. डोळ्यांसमोर तर आहे," सासरे म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी बोट इतकी हळू हाकली की एक बगळा आमच्या शेजारून चालत पुढे गेला. दोन मिनिटांत मागून घोरणं ऐकू आलं. काय सांगू, कचेरीत पहिली बढती मिळाली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता! दुरून साडू आपल्या मगरमधून बघत होता. त्याचं तोंड मला इथून दिसत होतं आणि ते उतरलेलं होतं. मी घड्याळ लावलं. तीन मिनिटं. चार.

पाचव्या मिनिटाला माझ्या पायाजवळून एक चप्पल गेली.

चप्पल चालत नाही हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. ती तरंगत होती. सासऱ्यांची होती. तिच्यामागून माझा थर्मास आला. मी खाली पाहिलं तर बूट घोट्यापर्यंत पाण्यात. मग मी किल्लीकडे पाहिलं. तिथे बूच निवांत डुलत होतं.

आता खरं सांगतो, आणि हे सांगताना मला लाज वाटते. माझ्या डोक्यात पहिला विचार "बाबांना उठवावं" हा आला नाही. पहिला विचार आला, "अजून पाच मिनिटं." उठवलं तर जागा गेली. मी टोपी काढली आणि आवाज न करता पाणी बाहेर टाकायला लागलो. एक टोपी बाहेर टाकली की दोन टोप्या आत येत होत्या. सहा मिनिटं. सासऱ्यांचे पाय पाण्यात होते, म्हणून मी ते हळूच उचलून जॅकेटच्या खोक्यावर ठेवले. इतकी सेवा मी त्यांची कधी केली नव्हती. सात मिनिटं. पाणी खोक्याला लागलं.

"जावईबापू," डोळे न उघडता सासरे म्हणाले, "किती झाली?"

माझ्या हातातली टोपी गळून पडली. "तुम्ही... झोपला नव्हता?"

"थंड पाण्यात पाय घालून कुणाला झोप लागते? चार मिनिटं झाली मी बघतोय. म्हटलं, पाहू तरी, धक्क्यासाठी सासऱ्याला कुठपर्यंत भिजवतात." त्यांनी डोळे उघडले. "आता जोरात हाणा. बोट पळाली की पाणी त्याच भोकातून मागे निघून जाईल."

"बाबा, या पट्ट्यात वेगमर्यादा आहे. मुद्दा चौदा."

सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुलगी दिली तो दिवस त्यांना आठवला असावा.

मी घाबरून इंजिन बंद केलं, किल्ली ओढली आणि बूच सोडवायला लागलो. तार सुटेना. सुटू नये म्हणूनच तर पिळली होती. पक्कड हत्यारांच्या डब्यात होती आणि डबा पाण्याखाली. शेवटी किल्लीसकटच बूच भोकात कोंबावं म्हणून मी मागे वाकलो. हात ओले होते. बूच, किल्ली आणि तीन पीळ दिलेली तार, सगळं एकदम तलावाच्या तळाला गेलं.

सासरे शांतपणे उठले, गुडघ्यावर हात टेकून वाकले, खिशातला रुमाल घट्ट गुंडाळला आणि चाचपडून भोकात ठोसला. पाणी यायचं थांबलं.

"हा कितवा मुद्दा?" त्यांनी विचारलं.

यादीत रुमाल नव्हता. मी दातांनी जॅकेटची पिशवी फाडायला लागलो.

एवढ्यात साडू आला. तो कसा येणार? गाणी लावून, पूर्ण वेगात, आणि आमच्यापासून दोन हातांवर येऊन कचकन वळून. त्याची लाट आमच्या बोटीत शिरली आणि मघापासून मी टोपीने काढलेलं सगळं पाणी व्याजासकट परत आलं.

"दादा, ही टिटवी आहे की घंगाळ?" तो ओरडला.

"आधी दोरी फेक," मी म्हणालो.

त्याच्याकडे दोरी नव्हती. जॅकेट होती, पण ती त्याने सीटवर गाद्या म्हणून शिवून टाकली होती. शेवटी मी माझं दोरीचं फूल त्याच्याकडे फेकलं. ते सुरेख उलगडत गेलं. साडूने एक टोक आपल्या बोटीला बांधलं, नाडीची गाठ मारून, आणि नेट मिळावा म्हणून बोट मागे घेतली. ढिली दोरी त्याच्या इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात गेली. इंजिनाने एक उचकी दिली आणि गप्प झालं. मग नाडीची गाठ सुटली. गाणी मात्र चालू होती.

तलावाच्या मधोमध टिटवी आणि मगर शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक भरलेली, एक अडकलेली.

"तुझी दोरीच भिकार," साडू म्हणाला.

"तुझा पंखाच भिकार," मी म्हणालो.

"मगरवाल्यांचे पंखे जगात..."

"टिटवीवाल्यांनी निदान दोरी तरी आणली."

आमचं हे आमटीपर्यंतचं भांडण ऐन रंगात आलं होतं, तेव्हा खळखळ असा आवाज आला. पिवळं बदक येत होतं. बायको आणि मेहुणी गप्पा मारत संथपणे पायडल मारत होत्या. दोघींच्या अंगावर जॅकेट, पायांशी दोरी आणि एक छोटी बादली. तिकीटवाल्याने दिलेली.

बायकोने आधी आपल्या वडिलांना आपादमस्तक पाहिलं. मग मला. "बाबा भिजले," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, पण ते मला अजून ऐकू येतं.

सासरे न डगमगता बदकात चढले आणि मागच्या सीटवर बसले. मेहुणीने बादली माझ्याकडे फेकली. "तिकीटवाल्याला पाठवते तुम्हाला ओढायला," ती म्हणाली, "तोवर भांडा."

बदक वळलं. अर्ध्या वाटेवर गेलं असेल नसेल, सासऱ्यांची मान एका बाजूला कलली. साडूने घड्याळ पाहिलं. मीही पाहिलं. तिथून धक्क्याला लागेपर्यंत बदकाला अकरा मिनिटं लागली. ते एकदाही उठले नाहीत.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी क्लबकडून ते बदक विकत घेतलं आणि पहिल्या जागेवर, झाडाच्या सावलीत बांधलं. आम्हाला दोघांना बोलावून म्हणाले, "जागा दोघांचीही. बोट मात्र ही. माझे गुडघे चालत नाहीत, आणि मुलींनी एकदा मला ओढलं तेवढं पुरे. पुढे दोन पायडलं आहेत."

तेव्हापासून दर रविवारी मी आणि साडू जॅकेटचे तिन्ही बंद आवळून पुढच्या सीटवर बसतो आणि पायडल मारतो. मागे सासरे घोरतात. बदकाला इंजिन नाही, किल्ली नाही. तळाला भोकही नाही, मी पहिल्याच दिवशी वाकून पाहिलं. आमचं भांडण मिटलं, असं बायको सगळ्यांना सांगते. टिटवी आणि मगर हे विषय आता घरात निघत नाहीत, हे खरं आहे.

पण एक गोष्ट तुम्हाला म्हणून सांगतो. मी उजव्या पायडलवर बसतो. उजवं पायडल गोल, एकसारखं, जबाबदारीने फिरतं. आणि डाव्या पायडलवाले लोक कसे असतात, ते काही विचारू नका.