खांबेटे साहेबांचा लाल टॅग

एके सकाळी माझ्या स्टुलाच्या पायाला एक लाल टॅग बांधलेला आढळला. त्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'पुढचा डावा पाय आखूड. बसू नये. होल्ड.' खाली सही आणि तारीख.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये, प्रशासकीय इमारतीसमोरील कडुनिंबाखाली मी गेली बावीस वर्षे अर्जलेखनाचा व्यवसाय करीत आहे. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज कोणत्याही खिडकीवरून परत आल्याचे उदाहरण तोवर नव्हते. अशा मनुष्याचे आसन कुणी सदोष ठरवावे, याचे मला वैषम्य वाटले. मी त्यावर बसलो आणि पडलो. श्री. खांबेटे यांच्याशी माझा परिचय झाला तो असा.

साहेब कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये, म्हणजे कार्यशाळेत, तपासनीस होते. सदोष नगाला लाल टॅग बांधणे हे त्यांचे काम. ते निवृत्त झाले, टॅग मात्र निवृत्त झाले नाहीत. उद्यानातील झोपाळा, दूधवाल्याचे माप, एवढेच काय, आमच्या गणेशोत्सवाचे मखरही एकदा 'दोन अंशांनी कललेले' म्हणून होल्डवर गेले आणि सरळ होईपर्यंत आरती खोळंबली. लोक कुरकुरत, पण दुरुस्ती करून घेत. टॅग सोडण्याचा अधिकार फक्त बांधणाऱ्याला, असा त्यांचा नियम होता.

त्यांचा दुसरा नियम जोडीचा. टर्बाइनच्या कवचाचे वरचे आणि खालचे अर्धे एकाच क्रमांकाचे असतात. एक तयार नसेल, तर दुसरे कितीही निर्दोष असो, गेटबाहेर जात नाही. माझ्या शेजारच्या मोच्याने एकदा त्यांच्या चपलांपैकी एक शिवून पुढे केली, तेव्हा साहेबांनी ती हातात घेतली नाही. "जोड नग कुठे आहे?" असे विचारून ते दुसरी तयार होईपर्यंत अनवाणी उभे राहिले.

त्यांचे शेजारी युनूसभाई त्याच शॉपमध्ये क्रेन चालवीत. वर केबिनमध्ये युनूसभाई आणि खाली हाताने इशारे करणारे साहेब, अशी सत्तावीस वर्षे गेली. आता साखरेच्या विकाराने युनूसभाईंची दृष्टी जवळजवळ गेली आहे. पत्नी हयात नाही, आणि मंडीदीपला लेकीच्या घरी राहायला ते तयार नाहीत. हातवारे दिसत नाहीत म्हणून साहेब आता तेच इशारे तोंडाने देतात. रोज सायंकाळी दोघे फिरायला निघतात, आणि माझ्या झाडापर्यंत ऐकू येते : "बायें… आहिस्ते… आहिस्ते… बस."

साहेबांचा एकुलता एक मुलगा जर्मनीत असतो. वडिलांनी एकटे राहू नये, असा त्याने ध्यास घेतला. ग्रीस देशात घर विकत घेणाऱ्यास तेथे राहण्याचा परवाना मिळतो, हवा उबदार, आणि जर्मनीहून दर महिन्याला येता येईल, असे त्याने कळविले. साहेबांनी नाशिकचा प्लॉट विकला आणि कागद घेऊन माझ्याकडे आले. दिल्लीतील एजंट सर्व भरून देत होता. पण माझ्या हातून गेल्याशिवाय कागदाला वजन येत नाही, हे साहेब जाणून होते.

त्यांनी ग्रीसच्या राजदूतांना उद्देशून पसंती लिहविली : तळमजला, कोपऱ्याचे क्वार्टर, दोन्ही वेळा पाणी. अर्ज विहित मार्गाने, म्हणजे शॉपच्या प्रमुखांमार्फतच जावा, हाही आग्रह. प्रमुख स्वतः चार वर्षांपूर्वी निवृत्त होऊन इंदूरला गेले होते. साहेब तेथे जाऊन शिफारशीची सही घेऊन आले.

मग आश्रितांचा रकाना आला. टाऊनशिपच्या दवाखान्याच्या कार्डावरही असाच रकाना असतो. साहेब म्हणाले, "युनूसचं नाव घाला."

"नाते?"

त्यांनी बराच विचार केला. "क्रेन नंबर दोन," ते म्हणाले.

मी नियम समजावला. ते ऐकेनात. शेवटी मी स्वतंत्र विनंतीअर्ज केला : सदर इसमास अर्जदाराच्या आवाजाखेरीज दुसऱ्या कुणाच्याही सूचनेवर पाऊल टाकण्याची सवय नाही, सबब सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. माझ्या कारकीर्दीतील तो सर्वोत्कृष्ट अर्ज होय.

युनूसभाईंना हे कळले तेव्हा ते माझ्यासमोरच साहेबांवर, भोपाळी रिवाजाने 'खाँ' म्हणत, उखडले. "मुझसे पूछा था, खाँ? वहाँ बैठ के क्या करूँगा, समंदर सुनूँगा? तुम जाओ. बेटा बुला रहा है."

एजंटचे उत्तर आठवड्यात आले. पत्नी, मुले, आईवडील. शेजाऱ्याची तरतूद नाही. माझा अर्ज परत येण्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्या महिन्यात दिल्लीला बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावणे आले. मुलाने सकाळच्या गाडीचे तिकीट काढून पाठविले. त्या सकाळी हबीबगंज स्टेशनवर पोहोचविण्यासाठी मी रिक्षा सांगून ठेवली होती. साहेब इस्त्रीच्या कपड्यांत आले, पण बॅग नव्हती. त्यांनी फाईल माझ्या मेजावर ठेवली. तिला लाल टॅग होता. 'कारण : जोड नग तयार नाही. होल्ड.' खाली सही आणि तारीख.

"मुलाला एक पत्र लिहा," ते म्हणाले. "त्याला वाईट वाटणार नाही असं. मला जमत नाही."

युनूसभाई एरवी सकाळी बाहेर पडत नाहीत. त्या दिवशी मात्र रस्त्यापलीकडच्या आपल्या घराच्या फाटकाला धरून उभे होते. साहेबांची पावले ओळखून त्यांनी विचारले, "गाड़ी निकल गई?"

"माल रवाना नहीं हुआ. जोड़ी अधूरी थी."

"बेटे को क्या बोलोगे?"

युनूसभाईंनी फाटक सोडले आणि हात पुढे केला. सायंकाळ व्हायला अद्याप पुष्कळ अवकाश होता, तरी दोघे फिरायला निघाले.

मी टंकयंत्रावर कागद चढवला. 'चि. निखिल यास' एवढे टंकलिखित झाले आणि पुढे नमुना आठवेना. रस्त्यावरून आवाज येत होता : "दायें… पायरी है… आहिस्ते… बस."