वकिलांच्या वेबसाईटला मार्क देणारे भूपाल अण्णा

निपाणीचे भूपाल अण्णा वकिलांच्या वेबसाईटना मार्क देतात. शंभरपैकी. पस्तीसला पास. बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर, हुबळी, जिथल्या म्हणून वकिलांनी वेबसाईट काढली तिथल्या सगळ्या त्यांनी तपासल्यात आणि बहुतेक सगळ्या नापास केल्यात. त्या वकिलांना याचा पत्ता नाही. मला आहे, कारण नापास झालेल्यांतली एक मी बनवली होती.

माझं बेळगावात, शहापुरात, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या खोलीत छोटंसं ऑफिस आहे. दवाखाने, मंगल कार्यालयं, क्लासेस, वकील, सगळ्यांच्या वेबसाईट करतो. एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"खाली बारीक अक्षरात तुमचं नाव हाय. ती कोर्टाम्होरल्या वकिलांची वेबसाईट तुमीच केलायसा न्हवं?"

मला वाटलं, नवीन गिऱ्हाईक. मी खुशीत हो म्हणालो.

"बावीस मार्क पडल्यात," पलीकडून आवाज आला. "म्हटलं, सांगावं."

मी कोण बोलतंय विचारलं. "भूपाल. रिटायर माणूस. निपाणी बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होतो," असं ते म्हणाले, आणि एखादा न्यायाधीश आपलं कोर्ट सांगेल तसं म्हणाले.

आता खरं सांगायचं तर ती वेबसाईट माझी लाडकी होती. गडद निळा रंग, सोनेरी अक्षरं, आणि पान खाली सरकवलं की तराजू हळूच डोलायचा. त्या तराजूवर मी चार दिवस घालवले होते. पुढच्याच आठवड्यात तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडं निपाणीला काम निघालं, म्हणजे मी ते काढलंच, आणि उरलेले अठ्ठ्याहत्तर मार्क कुठं गेले ते विचारायला अण्णांच्या दारात उभा राहिलो.

स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी हुबळीला. जावयानं दिलेला जुना कॉम्प्युटर टेबलावर, त्यावर विणलेला रुमाल. शेजारी जाड वही. आत पट्टीनं आखलेले तीन रकाने, आणि वर कन्नडमध्ये तीन शब्द: यल्ली, यावाग, यारु. म्हणजे कुठं, कधी, कोण.

"तीस वर्सं खिडकीत बसलो," अण्णा म्हणाले. "लोक लई बोलत्यात, पर विचारत्यात ह्ये तीनच. गाडी कुठं लागती, कवा सुटती, आनि आनखी कळलं न्हाई तर कुणाला विचारू. ह्येची उत्तरं न्हाईत तर मग खिडकी कशाला उघडायची?"

मग त्यांनी माझ्यासमोर माझी वेबसाईट उघडली. वकिलांना जाहिरात करायला मनाई असते, म्हणून त्यांच्या वेबसाईटवर पहिल्यांदा एक चौकट येते. मला कुणी बोलावलेलं नाही, मी माझ्या मनानं आलोय, असं कबूल करून पुढं जायचं. आपण सगळे न वाचता बटण दाबतो. अण्णांनी चौकट शेवटच्या शब्दापर्यंत वाचली, चष्मा काढला, पुसला.

"बिचारा माणूस दारात आलाय आनि त्येच्याकडनं लिवून घेत्यात, तुला कुणी बोलावलं न्हाई म्हून. पाहुणा घरात येताना असं म्हणताय काय तुमी?"

"अण्णा, तो नियम आहे. माझ्या हातात नाही."

"असूदे. तुमचे न्हाई कापलो. नियमाचे कापलो."

मग तराजू. "हालतोय कशाला? ठरलं न्हाई काय अजून?" मग लाकडी हातोडा. "हितल्या कुठल्या कोर्टात हातोडा बघितलाय तुमी?" मग हस्तांदोलन करणारे दोन सुटातले गोरे. अण्णांनी ते नीट निरखले. "ह्ये चिकोडीकडचे वाटत न्हाईत." मग वकिलांचा फोटो, चौघे हाताची घडी घालून. इथं मात्र ते गंभीर झाले. "रडत आलेल्या माणसानं ह्ये बघितलं तर दारातनंच परत जाईल."

पत्ता शोधायला त्यांना सहा वेळा बटण दाबावं लागलं. तो इंग्रजीत होता. फोन लावला तर कुणी उचलला नाही. वहीत त्यांनी तिन्ही रकान्यांत काट मारलेली मी पाहिली.

"मग बावीस तरी कशाचे दिले?"

"अक्षर चांगलं हाय," अण्णा म्हणाले.

मी परत आलो तो रागावूनच. पण नंतर कुठलंही पान करताना ते तीन शब्द डोक्यात यायला लागले, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडं जायचा शिरस्ताच पाडला. हळूहळू त्यांनी मला 'तुमी'वरून 'तू'वर आणलं.

अण्णांची तपासणी कॉम्प्युटरवर संपत नव्हती. ते गाडीनं बेळगावला येत आणि वेबसाईटवर लिहिलेल्या पत्त्यावरून ऑफिस सापडतं का ते बघत. वाटेत कुणाला विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा 'कोर्टाच्या मागे' एवढ्या पत्त्यावर त्यांनी भर उन्हात कोर्टाला दोन प्रदक्षिणा घातल्या. दुसरीकडं तीन जिने चढून गेले, तर तिथल्या कारकुनानं विचारलं, कसली केस आहे.

"केस न्हाई. तपासणी हाय."

त्यानं घाबरून आतल्या वकिलांना बोलावलं. ते कोट घालून लगबगीनं बाहेर आले, खुर्ची दिली, थंड मागवलं. अण्णांनी थंड प्यायलं आणि सांगितलं, "जिना हाय ह्ये वेबसाईटवर लिवा. गुडघ्याची माणसं येत्यात." मग ते निघून गेले. ते कुठल्या खात्याचे होते, यावर त्या ऑफिसात नंतर बराच खल झाला म्हणे.

गेल्या वर्षी माझ्याकडं वंदनाताई आल्या. नव्या वकील, घरगुती वादांची कामं घेणाऱ्या. साधी वेबसाईट करा म्हणाल्या. मी जीव ओतून केली. हातोडा नाही, गोरे नाहीत, फोटोत ताई हसतायत. त्यांना दाखवायच्या आधी मी ती निपाणीला नेली. आपण पास होणार, याची मला खात्री होती.

"एकतीस," अण्णा म्हणाले.

माझा तोल गेला. "अण्णा, हे काय बसचं वेळापत्रक आहे का? वेबसाईट बघून वकील शोधणारी माणसं शिकलेली असतात. पत्ता त्यांना सापडतो. आणि तुम्हाला काय पडलंय एवढं? दवाखान्याच्या वेबसाईट तपासा, शाळांच्या तपासा. वकिलांच्याच मागं का लागलाय?"

अण्णांनी कॉम्प्युटर बंद केला, रुमाल घातला, त्याची टोकं सारखी केली. मग आत जाऊन दोन कप चहा करून आणला. चहा खाली ठेवल्यावर बोलले.

"दवाखान्याची वाट माणूस कुणालाबी विचारतोय. कोर्टाची न्हाई विचारत. लाज वाटती. हळू विचारतंय, अर्धंच विचारतंय. आपुनच वळखायला पायजे."

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची वेळ, खिडकीसमोर गर्दी. एक बाई आली, हातात घडी घातलेला कागद. बेळगावची गाडी कुठली, असं तिनं इतकं हळू विचारलं की त्यांना दोनदा 'आं?' करावं लागलं. मागची माणसं ओरडत होती. अण्णांनी वर बोट दाखवलं आणि म्हणाले, "बोर्ड बघा."

"बोर्ड कन्नडमधी. तिला कन्नड येत न्हवतं. मराठी तरी वाचता येत हुतं का न्हाई, द्येव जाणे. बसली ती कोल्हापूरच्या गाडीत. कागलला उतरली, परत आली तवर दुपार झालती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकीच्या म्होरल्या बाकड्यावर यिऊन बसली न्हवं. चार वाजूस्तवर. एका बाईसंगं बोलत हुती, तिला सांगताना आयकलो मी. पोरगी नवऱ्याकडं हुती. तिचा ताबा कुणाकडं, ती तारीख हुती त्या दिवशी." अण्णांनी चहाच्या कपाची कड अंगठ्यानं पुसली. "मला काय म्हणाली न्हाई. एक शिवी जरी दिली असती तर बरं झालं असतं. मी खिडकीतनं भायेर यिऊन विचारायला पायजे हुतं. धा पावलं बी न्हवती. न्हाई गेलो."

"मग पुढं?"

"पुढं काय, ते ठावं न्हाई. परत कवा दिसली न्हाई. पोरगी मिळाली आसंल. एका तारखंनं काय सगळं जात न्हाई, असं वकील लोक सांगत्यात. मी विचारलोय बऱ्याच जणांना."

मी माझा चहा संपवला. त्या दिवशी मार्कांचा विषय पुन्हा निघाला नाही.

बेळगावला आल्यावर मी ते सगळं पान पुसून नव्यानं केलं. वर मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कन्नडमध्ये: स्टँडवर उतरल्यावर कुठल्या बाजूला वळायचं, किती जिने, कुठल्या वारी ताई भेटतात, कुठले कागद आणायचे. वाचता येत नसेल तर एक बटण, ते दाबलं की हेच सगळं ऐकू येतं. आवाज अण्णांचा. वंदनाताईंना मी सगळी हकीगत सांगितली. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"सगळं ठीक आहे, पण बाकीच्या वारी मी कोर्टात असते. फोन कोण उचलणार? माझ्याकडं माणूस नाही."

माणूस निपाणीत होता. ताई स्वतः त्यांना भेटायला गेल्या आणि बजावून आल्या, की सल्ला द्यायचा नाही, केसबद्दल बोलायचं नाही, फक्त पत्ता आणि वेळ सांगायची. "जल्मभर त्येच केलोय," अण्णा म्हणाले. त्याच्या आधीच्या आठवड्यात ते ताईंच्या ऑफिसात जाऊन, आपण कोण ते न सांगता, बाहेरच्या बाकावर दोन तास बसून आले होते, हे त्यांनी ताईंना सांगितलं नाही. मला सांगितलं.

परवा मी त्यांच्याकडं बसलो होतो तेव्हा नऊच्या सुमाराला एक फोन आला. फोन स्पीकरवर होता, अण्णांना हल्ली थोडं कमी ऐकू येतं. नंदगडकडची बाई होती. पत्ता सांगून झाला, वार सांगून झाला, तो नेमका आजचाच होता, कागद सांगून झाले, तरी ती फोन ठेवेना. अण्णांनीही ठेवला नाही.

"आप्पा," ती शेवटी म्हणाली, "वकीलबाई वरडत्यात काय ओ?"

"न्हाई. मी बसून बघितलोय. एकदाबी आवाज चढला न्हाई."

"बरं."

"संगं कोण येतंय?"

"कोण न्हाई. घरात सांगितलं न्हाई मी."

अण्णांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं. मग फोन जवळ ओढला. "मग असं करा. थितं पोचला की मला एक फोन लावा. जास्त काय बोलू नका, नुसतं पोचलो म्हणा. मी घरातच हाय."

मला वाटलं, आता ते वही काढतील. पण ते फोन मांडीवर घेऊन बसले. साडेदहा झाले, अकरा झाले. मी निघतो म्हणालो तर बस म्हणाले. तांदूळ धुऊन ठेवलेले होते. मी कुकर लावू का विचारलं, तर मान हलवली; शिट्टीत फोन ऐकू येणार नाही म्हणाले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"आप्पा, पोचलो."

"बरं झालं," अण्णा म्हणाले. "आत जावा आता."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले, आणि मला म्हणाले, "तू बी दोन घास खाऊनच जा." मग आत जाऊन त्यांनी कुकर गॅसवर ठेवला.