सुभानजी दारोगे यांनी तांबट आळीत घर घेतले त्याची हकिकत

श्री गजवदन, जो प्रत्येकाच्या चौकटीवर आधी आपण बसतो आणि मग घरधन्यास आत येऊ देतो, त्यास नमन करून, आणि ज्या राज्याचे नाव येथे सांगावयाचे नाही त्या राज्याच्या धन्यास मुजरा करून, हकिकत लिहिली जाते ऐसी जे, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, चैत्रमासी, सरकारच्या पीलखान्याचे दारोगे सुभानजी खळतकर यांचे घरी मोठी मसलत उभी राहिली. पीलखाना म्हणजे हत्ती बांधावयाचे ठाणे, त्याचे हे मुख्य. मसलत मुलूख मारावयाची नव्हे आणि गड घ्यावयाचीही नव्हे. राहावयास स्वतःचे घर आता विकत घ्यावे की थांबावे, इतकीच होती. परंतु संवत्सराचे नाव विरोधी, त्याप्रमाणे घरात माणसे तीन आणि मते चार, कारण खासा सुभानजी सकाळी एक बोलत आणि संध्याकाळी दुसरे बोलत. तो माणूस भित्रा नव्हे. मस्त हत्ती साखळी तोडून बाजारात निघाला असता हातात केळीचा घड घेऊन त्याच्या सोंडेसमोर उभा राहिलेला. परंतु घर घ्यावयाचे म्हणताच त्याची पाठ घामाने भिजे.

आजवर राहणे सरकारी बिऱ्हाडात. धन्याची मर्जी फिरली की हत्ती या ठाण्यावरून त्या ठाण्यावर जात, आणि हत्तींमागे दारोगा, आणि दारोग्यामागे त्याची चूल. कुटुंब लाडूबाई, मोठी धीराची आणि तोंडाची खरी. कन्या एक, ठकूबाई, वय सोळा. तीस लहानपणी देवी आल्या आणि देवी गेल्या तेव्हा दोन्ही डोळे घेऊन गेल्या. मुलगी हुशार, गळा गोड, हात चलाख. परंतु बिऱ्हाड बदलले की तिचे राज्य बुडे. जुन्या घरात जी भांडी घासी, पाणी भरी, वाती वळी, तीच नव्या घरात भिंतीस धरून बसे आणि चौकट कोठे, पायरी कोठे, चूल कोठे हे हाताने आणि कपाळाने शिके. शिकून पुरे व्हावे, मग जरा हसू लागावे, तों हुजुरातून हुकूम यावा की हत्ती हलवा. मागल्या खेपेस नव्या घरात ती चुलीच्या वैलावर पडली आणि कोपरापासून मनगटापर्यंत भाजली. तेव्हा लाडूबाई नवऱ्यास म्हणाली, "आपण आहोत तोवर तिला धरून चालवू. आपल्यामागे ही कोणाच्या भिंती चाचपीत बसेल? मला घर पाहिजे. आणि पाहिजे ते आता पाहिजे."

सुभानजींनी मान हालविली आणि शोध आरंभिला. तांबट आळीत धोंडोबा तांबट म्हणोन वृद्ध गृहस्थ होता, त्याचे लेक दूरदेशी कारखाना घालून बसले आणि बापास बोलावू लागले. त्याचे घर विकाऊ आहे ऐसे कळले. मग वैशाखात एके सकाळी तिघेही घर पाहावयास गेली. घर बैठे, पडवी, ओटी, माजघर, मागे परसू, परसात आड आणि आडावर रहाट. भिंती जाड, जमीन सारवलेली. परंतु आळी अशी की सूर्य उगवला की कुल तांबट हातोडे घेऊन बसत आणि हंडे-घागरी ठोकीत, आणि त्या ठणठणाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये. सुभानजींनी कानावर हात ठेविले आणि मनात म्हटले, हत्तींचा चीत्कार बरा. लाडूबाईचेही तोंड उतरले. तों ठकूबाई कोठे गेली म्हणोन पाहातात तर मुलगी ओटीवर नाही. ती भिंतीस एक हात लावून माजघरात गेली होती, तेथून परसात, परसातून फिरून पडवीत आली आणि हसत उभी राहिली. "आबा," म्हणाली, "या घरात मला दिशा कळतात. ठोकणे पुढे आहे, रहाट मागे आहे. कोठेही उभी राहिले तरी तोंड कुणीकडे आहे ते कळते. दुसऱ्या घरांत सगळे सारखेच गप्प असते." हे ऐकून लाडूबाईने पदर तोंडाशी नेला. धोंडोबा हातातली पानपुडी सोडायची विसरून मुलीकडे पाहात राहिला.

येथवर मसलत सोपी होती. परंतु राज्यात त्याच सुमारास आवई उठली की धनी राजधानी हलविणार. नदीच्या पैलतीरी उंच माळ आहे, हवा कोरडी, पुराचे भय नाही. तेथे नवा राजवाडा होणार, कचेऱ्या जाणार, पीलखाना जाणार, आणि ऐलतीरीच्या जुन्या शहरात कावळे राहाणार. आवई पसरताच जुन्या पेठेत घरांचे मोल खाली येऊ लागले, आणि पैलतीरी जेथे काल बाभळी होत्या तेथे लोक दोऱ्या धरून जागा मापू लागले. सुभानजींचे स्नेही कृष्णाजीपंत, दप्तरात मोठ्या जागी बसणारे, शहाणे आणि सावध, ते एके दुपारी बिऱ्हाडी आले आणि पन्हे घेऊन म्हणाले, "सुभानराव, घर घेऊ नका. दसऱ्यापर्यंत थांबा. राजधानी हलली की हेच घर तुम्हास निम्म्यात पडेल. मीही भाड्याच्याच जागेत आहे आणि हात बांधून बसलो आहे. घाई करील तो फसेल."

लाडूबाई आतून म्हणाली, "पंत, आणि हलली नाही तर?"

"नाही हलली तर मोल आहे तेथेच राहील, वहिनी. थांबण्यात तोटा कसला?"

लाडूबाई उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "थांबण्यात तोटा तिच्या हातावर आहे. पाहायचा आहे?" आणि ठकूबाईचा भाजला हात पुढे करू लागली. ठकूबाईने हात ओढून पदराखाली घेतला आणि म्हणाली, "आई, माझा हात पंचांसमोर पुरावा ठेवावा तसा ठेवू नकोस. आबांना जे बरे वाटेल ते करू दे." पंतांनी पागोटे सारखे केले आणि निघाले. ते वाईट मनाचे नव्हते आणि त्यांचे बोलणे खोटेही नव्हते, हे बखरकारास नमूद केले पाहिजे. सुभानजींस तर त्यांचेच बोलणे पटले होते. परंतु मुलीने हात झाकिला ते डोळ्यांपुढून जाईना, आणि त्या दिवसापासून अन्नावर वासना राहिली नाही.

इकडे धोंडोबाचा निरोप आला की लेकांचा तांडा ज्येष्ठात निघतो, त्यांजबरोबर जाणे आहे, आणि एक व्यापारी घर घेऊन त्याची वखार करावयास तयार आहे, तरी काय ते बोलावे. सुभानजींनी लाडूबाईस म्हटले, "राजधानी गेली तर तांबटही जातील. मग ठोकणे कोठले आणि दिशा कोठल्या?" ठकूबाई वाती वळीत बसली होती ती म्हणाली, "जाईपर्यंत घर पाठ होईल, आबा. पाठ झालेले कोणाला ठोकून दाखवावे लागत नाही." सुभानजी उठून हत्तींकडे गेले आणि उगाच एका म्हाताऱ्या हत्तिणीचे कान पुशीत राहिले.

मग ऐसे जाहले की, ज्येष्ठ लागताच धन्यांची स्वारी पैलतीरीचा माळ पाहावयास निघाली. हत्तीण तीच म्हातारी, चालीस गरीब म्हणोन. अंबारीत धनी, मानेवर माहूत, आणि बाजूस पायी सुभानजी. माळावर चढून स्वारी उभी राहिली. खाली नदी, नदीपलीकडे जुने शहर, धुराच्या रेघा, देवळांचे कळस. धनी बहुत वेळ पाहात राहिले. कारभारी दूर मागे होते. सुभानजींचे मन भरून आले आणि धारिष्ट करून, हात जोडून, म्हणाले, "महाराज, चाकराची चूक असेल तर माफ असावी. राजधानी कधी हलणार?"

धनी वरून खाली पाहाते जाहले आणि हसले. "दारोगे, तुम्हास घर घ्यावयाचे आहे की विकावयाचे?"

"घ्यावयाचे आहे, महाराज. मुलगी आंधळी आहे. तिला एक जागा पाहिजे."

धनी अंबारीतून थोडे खाली वाकले. मग हलक्या आवाजात बोलिले, "आम्हांस ठाऊक असते तर सांगितले असते. सकाळी वाटते हलवावी, आईसाहेबांजवळ बसलो की वाटते न हलवावी. ज्योतिषी एक सांगतात, खजिनदार दुसरे सांगतात. दसऱ्यानंतर ठरवू म्हणतो. गतवर्षीही दसऱ्यानंतरच ठरवणार होतो." आणि नदीकडे पाहून पुनः म्हणाले, "आमच्यावर थांबू नका."

हे शब्द ऐकून सुभानजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. आजवर ते समजत होते की कोठेतरी उंच जागी, कोणा मोठ्या माणसापाशी, उत्तर तयार आहे आणि आपण ते येईपर्यंत थांबले पाहिजे. आणि आता पाहिले तो उंच जागी बसलेला मनुष्यही नदीकडे पाहात तसाच थांबला आहे. स्वारी परतली. हत्तीण ठाण्यावर बांधून, तिच्यापुढे चारा टाकून, सुभानजी घरी न जाता तडक तांबट आळीत गेले. उन्हे कलली होती. धोंडोबाच्या ओटीवर चढले आणि पाहातात तो समोर लाडूबाई बसलेली, हातांतल्या पाटल्या काढून पुढे रुमालावर ठेविलेल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दोन सरदार दोन वाटांनी एकाच गडाखाली यावे आणि कोणी कोणास खबर दिलेली नसावी, तसे जाहले.

"आपण रागवाल म्हणोन न सांगता आले," लाडूबाई खाली पाहून म्हणाली.

"मीही न सांगताच आलो," सुभानजी म्हणाले, "रागवायचे कोणी?"

धोंडोबा हसू लागला. म्हणाला, "दारोगे, व्यापारी तुमच्याहून जास्त देतो. पण तुमची लेक भिंतीला हात लावून फिरली त्या दिवशीच घर तिचे झाले. माझ्या बायकोने ती भिंत सारवली होती. तिथे गोण्या रचलेल्या मला बघवणार नाहीत. पाटल्या उचला, बाई. विसार म्हणून एक पान-सुपारी द्या, बाकीचे रीतीने होईल." मग लाडूबाईने पान दिले आणि धोंडोबाने ते डोक्यास लावून खाल्ले, आणि व्यवहार पक्का जाहला.

यानंतरचे सांगणे तेही खरे सांगावे. त्या दसऱ्यास राजधानी हलली नाही, पुढल्याही हलली नाही, आणि तिसऱ्या वर्षी, कोणाच्या ध्यानीमनी नसता, हलली. राजवाडा पैलतीरी गेला, कचेऱ्या गेल्या, हत्ती गेले, आणि सुभानजींस रोज नावेत बसून चाकरीस जाणे आले. जुन्या पेठेत घरांचे मोल निम्म्याहूनही खाली आले. पंतांचे भाकीत अक्षरशः खरे उतरले, आणि आळीतले लोक सुभानजींस पाहून चुकचुकत. सुभानजी स्वतः एकदा जेवताना म्हणाले, "थांबलो असतो तर दोन घरे आली असती." लाडूबाईने ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "आली असती." इतकेच बोलणे जाहले. तांबटांचीही बहुतेक दुकाने उठली, दोन राहिली. तोवर ठकूबाईस घर पाठ झाले होते. घागर भरून आणी, दळण दळी, आणि संध्याकाळी आळीतल्या पोरींस ओटीवर बसवून गाणी शिकवी, त्यांच्या आया त्याबद्दल दाणे आणि भाजी आणून देत. पडली ऐसे कधी ऐकले नाही.

कृष्णाजीपंतांनी मात्र घर अद्याप घेतले नव्हते. पैलतीरी मोल चढले होते, ते उतरेल म्हणोन थांबले होते. आणि ऐलतीरी उतरले होते, ते आणखी उतरेल म्हणोन थांबले होते. एके दिवशी ऐलतीरी काही घरे पाहून होईतो तिन्हीसांजा जाहल्या, पैलतीरीच्या बिऱ्हाडी नेणारी शेवटची नाव चुकली आणि ते सुभानजींच्या दारी आले. लाडूबाई देवळात गेलेली, सुभानजी अजून घाटावर, घरात दिवा लावलेला नाही. पंत अंधारात ओटीवर चढून आत पाऊल टाकणार, तों आतून सावकाश आवाज आला, "पंतकाका ना? थांबा. उंबरठा उंच आहे, पाय वर उचला. आता डावीकडे खांब आहे, तो सोडून या. इथे बसा." आणि ठकूबाईने त्यांचा हात धरून त्यांस पाटावर बसविले, आणि कोनाड्यातली पणती हाताने काढून, त्यांस दिसावे म्हणोन, लाविली.

येणेप्रमाणे मसलत शेवटास गेली. सुभानजी दारोगे हिशेबात हरले, कृष्णाजीपंत हिशेबात जिंकले, धनी पैलतीरी सुखी आहेत, हत्ती सुखी आहेत. ठकूबाई आपल्या घरी आहे. जे घडले ते लिहिले. अधिक उणे वाचणाऱ्याने आपल्या घरी बसून ठरवावे. लेखनसीमा.